थायलंडला राहायला येताय? घाईनं ‘आपलंच’ म्हणू नका

नोकरीसाठी किंवा शिकायला बँकॉकला आलेली मराठी मंडळी पहिल्याच आठवड्यात म्हणतात, ‘हे तर अगदी आपल्यासारखंच आहे!’ सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प, रात्चप्रासोंगच्या चौकात एरावानचा चतुर्मुख ब्रह्मा, जवळच सेंट्रलवर्ल्डपुढे गणपती. परक्या मुलुखात हे सगळं बघून जीव सुखावतो, आणि सुखावू द्या. पण जिथं साम्य दिसतं, नवा माणूस चुकतो तो तिथंच. पूर्ण अनोळखी गोष्ट आपण जपून हाताळतो, ओळखीची वाटली की आपल्या सवयीनं वागतो.

लहान मुलाच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवणं आपल्याकडे आशीर्वाद. इथं डोकं हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग, त्याला परक्यानं हात लावायचा नसतो. बौद्ध भिक्खू दिसले की वाकून पायाला हात लावायला आपले हात आपोआप जातात. बायकांनी मात्र हे कटाक्षानं टाळावं. इथल्या भिक्खूंना स्त्रीचा स्पर्श वर्ज्य आहे. त्यांना काही द्यायचं असेल तर ते पुढ्यात अंथरलेल्या कापडावर ठेवा आणि नमस्कार थोडं अंतर राखून करा. देवळात बसताना पाय मागे दुमडून बसा, तळवे बुद्धमूर्तीकडे नकोत. पायानं वस्तू सरकवणं, पायानं दाखवणं हेही इथं लोकांच्या मनाला फार लागतं.

हात जोडून करायच्या नमस्काराला इथं ‘वाय’ म्हणतात. लहानानं आधी करायचा, मोठ्यानं उत्तर द्यायचं. समोरचा जितका मोठा तितके जोडलेले हात वर जातात, भिक्खूंसाठी तर कपाळापर्यंत. लहान मुलांना किंवा दुकानातल्या विक्रेत्याला आपण होऊन वाय करायची गरज नाही, हसून मान डोलावली की पुरतं. बोलताना पुरुषांनी वाक्याच्या शेवटी ‘ख्रप’ आणि बायकांनी ‘खा’ जोडावं. बाकी थाई येत नसली तरी एवढ्यानं बोलण्यात अदब येते. ऑफिसात नावाआधी ‘खुन’ लावतात, तेही आडनावाला नाही, पहिल्या नावाला. ओळख वाढली की वयानं मोठा सहकारी ‘पी’ होतो आणि धाकटा ‘नोंग’. आपल्या दादा-ताईसारखंच हे, त्यामुळे पटकन जमतं.

माझ्या मते सर्वांत आधी शिकायची गोष्ट म्हणजे आवाज. रिक्षावाल्याशी घासाघीस करताना चढतो तो आपला सूर इथं चालत नाही. चारचौघांत कुणावर ओरडलात तर त्याची अब्रू जाते आणि तुमचीही. ‘जाय येन येन’, म्हणजे मन थंड ठेव, हे तुम्हाला वारंवार ऐकू येईल. काम अडलं असलं तरी हसतमुखानं पुन्हा विचारा. ते लवकर होतं.

राजघराण्याबद्दल थट्टा, टीका, शेरेबाजी काहीही नको, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरसुद्धा नको. फौजदारी कायद्याच्या 112व्या कलमाखाली 3 ते 15 वर्षांची कैद आहे. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 वाजता स्टेशनात, बागेत राष्ट्रगीत लागलं की जिथं असाल तिथं थांबा.

रामकथेबद्दल वेगळं सांगायला हवं. राजवाड्याच्या आवारातल्या वात फ्रा केओ या देवळाच्या ओवऱ्यांत रामकियनची, म्हणजे थाई रामायणाची, 178 भित्तिचित्रं आहेत. निवांत वेळ काढून बघा. त्यातला हनुमान मात्र आपला ब्रह्मचारी मारुती नव्हे. तो रसिक आहे, रावणाच्या मुलीच्या, सुवर्णमच्छा या मत्स्यकन्येच्या, प्रेमात पडतो आणि त्यांना मुलगाही होतो. शनिवार पाळणाऱ्या माणसाला हे खटकेल. पण थाई मित्राला ‘तुमची कथा चुकीची’ असं सांगू नका. त्यांनी शतकानुशतकं ही कथा आपली म्हणून वाढवली आहे, आणि मला ती तितकीच प्रिय झाली आहे.

सणांत सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, 13 ते 15 एप्रिल. पर्यटकांना रस्त्यावरची पाण्याची धमाल ठाऊक असते. तुम्ही राहायला आलात, तर कुणा थाई कुटुंबानं बोलावलं की जरूर जा. तिथं ज्येष्ठांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेतात. आपल्या चातुर्मासाच्या सुमारास भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो, तेव्हा कितीतरी थाई माणसं तीन महिने दारू सोडतात. त्या दिवसांत सहकाऱ्याला पिण्याचा आग्रह करू नका.

राहिलं जेवण. शाकाहारी असाल तर ‘भाजी द्या’ एवढं सांगून भागत नाही. भाजीतही ‘नाम प्ला’ हा माशाचा सॉस असतो आणि सोम तामच्या चटकदार कोशिंबिरीतही. ‘किन जे’, म्हणजे ‘जे’ पद्धतीचं कडक शाकाहारी खातो, असं सांगा. पिवळ्या पाटीवर लाल रंगात 17 सारखं दिसणारं अक्षर असेल ते दुकान ‘जे’ पदार्थांचं. तिथं मांस-मासे तर नाहीतच, अंडी, दूध, कांदा, लसूणही नाही. अंडं चालत असेल तर ‘मांगसवीरत’ म्हणा, मग निवड बरीच वाढते.