नको असलेल्या टाइमशेअर किंवा हॉलिडे क्लबच्या मेंबरशिपमधून बाहेर कसं पडायचं

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा आगाऊ विकत घेतलेला हक्क. करारावर सही होऊन किती दिवस झाले, हे आधी मोजा. अनेक ठिकाणी सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत कारण न देता माघार घेता येते आणि पैसेही परत मिळतात. युरोपीय संघात कायद्यानेच १४ दिवस मिळतात, त्या काळात आगाऊ रक्कम घ्यायलाही बंदी आहे. माघारीचा छापील फॉर्म करारासोबत दिलाच नसेल, तर ही मुदत आणखी एका वर्षाने वाढते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा: फ्लोरिडात १० दिवस, कॅलिफोर्नियात ७, नेवाडात ५. भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. तिथे करारातलं ‘रद्दीकरण’ किंवा ‘कूलिंग ऑफ’चं (माघारीच्या मुदतीचं) कलम शोधा. मुदत सहीच्या दिवसापासून धरायची की कागद हाती आल्यापासून, हेही त्यातच बघा.

मुदत शिल्लक असेल तर फोनवर बोलत बसू नका. ‘मॅनेजर सोमवारी कॉल करतील’ असं सांगून दिवस काढले जातात आणि नंतर त्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. आजच पत्र लिहा. मजकूर एवढाच पुरे:

‘मी, सदस्य क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी केलेला करार आजपासून रद्द करत आहे. भरलेली संपूर्ण रक्कम खालील बँक खात्यात जमा करावी. यापुढे माझ्या खात्यातून किंवा कार्डावरून कोणतीही रक्कम घेऊ नये.’

‘रद्द करण्याची विनंती’ किंवा ‘रद्द करण्याचा विचार आहे’ असं लिहू नका. विनंती नाकारता येते, विचार बदलायला लावता येतो. कारणंही देऊ नका. कारण दिलं की त्यावर तोडगा सुचवणारा फोन येतो. करारावर ज्यांच्या ज्यांच्या सह्या आहेत, त्या सगळ्यांनी पत्रावर सही करावी. नवराबायकोच्या नावावरची मेंबरशिप एकाच सहीमुळे अडकून पडते. पत्र करारात दिलेल्या पत्त्यावर, करारात सांगितलेल्या पद्धतीनेच पाठवा आणि सोबत ईमेलही करा. पोस्टाची पावती आणि पोच जपून ठेवा. वेलकम किट, व्हाउचर वापरू नका, तसेच परत करा.

हप्त्यांसाठी कर्ज काढलं असेल तर ते बहुतेक वेळा वेगळ्या वित्तसंस्थेचं असतं. पत्राची प्रत तिलाही पाठवा आणि कर्ज खातं बंद झाल्याचं लेखी मागा. तसं न करता नुसते हप्ते थांबवले, तर मेंबरशिपचा वाद बाजूला राहतो आणि थकबाकी तुमच्या क्रेडिट रेकॉर्डवर चढते.

मुदत उलटून गेली असेल तर वाट लांबची आहे, पण बंद नाही. आधी तुमच्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा. मालमत्तेतला नोंदणीकृत हिस्सा असेल तर तो कागदोपत्री हस्तांतरित होईपर्यंत देखभाल शुल्क चालूच राहतं. केवळ वापराचा हक्क किंवा पॉइंट (मुक्कामासाठी वापरायचे गुण) असतील, तर मेंबरशिपची मुदत संपण्याआधी सोडण्याची अट आणि न वापरलेल्या वर्षांचा परतावा करारात आहे का ते तपासा. मग कंपनीला लेखी विचारा की मेंबरशिप परत घेण्याची त्यांची योजना आहे का. काही कंपन्या परत घेतात, पण सहसा कर्ज फिटलेलं आणि वार्षिक शुल्क अद्ययावत असेल तरच. म्हणून वैतागून शुल्क भरणं थांबवण्याआधी हे विचारून घ्या. थकबाकी झाली की हा दरवाजा बंद होतो.

या टप्प्यावर ‘छोट्या प्लॅनमध्ये बदलून देतो’ किंवा ‘जादा रात्री देतो’ अशी ऑफर येते. त्या कागदावर सही केली तर तो नवा करार ठरू शकतो.

खोटं सांगून विकलं असेल, तर पुरावे आत्ताच गोळा करा: व्हॉट्सॲपचे मेसेज, माहितीपत्रक, हव्या त्या तारखांना बुकिंग नाकारल्याचे ईमेल. करारात ‘तोंडी आश्वासनं ग्राह्य नाहीत’ असं छापलेलं असतं, म्हणून लेखी तुकड्यालाच मोल आहे. भारतात आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करा. हेल्पलाइनवरच्या तक्रारीमुळे ही दोन वर्षं थांबत नाहीत.

‘तुमची मेंबरशिप विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे’ असा फोन आला तर सावध व्हा. नोंदणी, कर किंवा प्रोसेसिंगच्या नावाखाली आधी पैसे मागितले की समजा फसवणूक आहे. तुमचा सदस्य क्रमांक त्यांना माहीत असला तरीही. खऱ्या पुनर्विक्रीत बहुतेक मेंबरशिपना मूळ किमतीचा फार छोटा भाग मिळतो, कित्येकदा काहीच नाही.

रद्द झाल्यावर रद्दीकरणाचं पत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि कर्ज बंद झाल्याचं प्रमाणपत्र, तिन्ही हातात घ्या. बँकेत जाऊन ऑटो-डेबिटचा मँडेट (खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी) स्वतः रद्द करा आणि पुढच्या वार्षिक शुल्काच्या तारखेला खातं तपासा.