जुनी कमॅरो घेताय? आधी रंगाकडे पाठ फिरवा

1969ची कमॅरो (शेवरलेची अमेरिकन गाडी) विकायला दिसली की पहिल्यांदा डॅशबोर्डवर, ड्रायव्हरच्या बाजूला, काचेतून दिसणारा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाचा. सुरुवात 124 असेल तर गाडी कारखान्यातून व्ही-8 (आठ सिलिंडरची) म्हणूनच निघाली. 123 असेल तर मूळची सहा सिलिंडरची, मग आज बॉनेटखाली काहीही गुरगुरत असो. एसएस, म्हणजे 'सुपर स्पोर्ट' हे जास्त दमदार मॉडेल, मात्र या नंबरात कुठेच नसतं. मी एकदा नुसत्या एसएसच्या बिल्ल्यावर भाळून आगाऊ रक्कम देऊन बसलो. बिल्ला कोरा करकरीत, गाडी साध्या मॉडेलची!

मग लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळा आणि मागच्या चाकांच्या कमानींवरून, दारांच्या खालच्या कडेवरून हळूहळू फिरवा. हाताला ओढ लागायची थांबली की समजा, तिथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर आहे. डिकीतली चटई उचलून वास घ्या. कुबट आला तर मागच्या काचेच्या कडेने पाणी झिरपत असण्याची शक्यता फार.

विकणाऱ्याला आधीच बजावा, "इंजिन थंडच ठेवा, मी आल्यावर सुरू करू." निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय. क्रोम, सीटा वगैरे शेवटी बघा.