‘किन-द्झा-द्झा!’ दुसऱ्याला कसा सुचवावा

गेओर्गी दानेलिया यांचा ‘किन-द्झा-द्झा!’ हा १९८६चा सोव्हिएत चित्रपट आवडणाऱ्याला तो चारचौघांना दाखवल्याशिवाय राहवत नाही. मात्र सुचवलेला प्रयोग बऱ्याचदा फसतो. समोरचा माणूस अर्ध्या तासात मोबाइल काढतो आणि नंतर ‘बघू पुढे कधीतरी’ म्हणतो. कारण बहुधा एकच असतं, ते म्हणजे सुचवताना लावून दिलेली चुकीची अपेक्षा. ‘रशियन विज्ञानपट’ ऐकलं की माणूस चकचकीत यानं आणि अंतराळातली युद्धं बघायला बसतो. ‘पोट धरून हसशील’ ऐकलं की तो दर दोन मिनिटांनी विनोदाची वाट बघतो. इथे मिळतं रखरखीत वाळवंट, गंजक्या पातेल्यासारखं यान आणि लक्तरं घातलेली दोन माणसं. विनोद कोरडा आहे. तो पात्रांच्या गंभीर चेहऱ्यांतून हळूहळू उलगडतो आणि खरा रंग दुसऱ्या भागात चढतो. म्हणून सुचवताना पहिलं वाक्य असं ठेवा: ‘हा संथ आहे, विचित्र आहे, आणि सगळं नियमाप्रमाणे चाललेलं एक अख्खं जग यात आहे.’

माणूस आधी नीट निवडा. सरकारी कचेऱ्यांत चकरा मारून थकलेला, साहेबाच्या खुर्चीपुढे बदलणारे आवाज ओळखणारा, राजकीय व्यंगचित्रं आवडीने बघणारा माणूस यात लगेच शिरतो. विज्ञानकथेची आवड असलीच पाहिजे असं नाही. उलट यंत्रं आणि यानं यांसाठीच असे चित्रपट बघणाऱ्याला हा शेवटी द्यावा. रक्तपात नाही, त्यामुळे मोठ्या मुलांसोबत बघता येतो, पण लहान मुलं कंटाळतील.

कथा किती सांगायची? एवढीच: मॉस्कोतला व्लादिमीर हा बांधकामावरचा फोरमन. बायको त्याला पाव आणि मॅकरोनी आणायला पाठवते. रस्त्यात हातात व्हायोलिन असलेला गेदेवान हा जॉर्जियन तरुण भेटतो आणि एका अनवाणी माणसाकडे बोट दाखवतो. तो माणूस स्वतःला परग्रहावरचा म्हणवतो. त्याच्या हातातल्या यंत्राचं बटण व्लादिमीर दाबतो आणि दोघे प्ल्युक ग्रहावरच्या वाळूत जाऊन पडतात. इथे थांबा. काड्यापेटीबद्दल अवाक्षर काढू नका. त्या ग्रहावर साध्या काडीला काय मोल आहे हे प्रेक्षकाला व्लादिमीर आणि गेदेवान यांच्यासोबतच कळलं पाहिजे. सुरुवातीचा सगळ्यात मोठा धक्का तोच आहे. शेवटच्या प्रसंगाबद्दल तर इशाराही नको.

आणखी एक मोह आवरावा लागतो. प्ल्युकवर माणसं चाटलान आणि पात्साक अशा दोन जमातींत वाटलेली आहेत. दिसायला दोघे सारखेच. कोण कोणता, हे एका छोट्या यंत्रावरचा दिवा ठरवतो: नारिंगी म्हणजे चाटलान, हिरवा म्हणजे पात्साक. पात्साकाने नाकात घंटी अडकवायची आणि चाटलानापुढे गुडघ्यांत वाकून ‘कू’ म्हणायचं. शिवाय पँटच्या रंगावरून मान ठरतो आणि तो रंग ठरतो काड्यांच्या साठ्यावरून. मराठी प्रेक्षकाला यात आपल्याकडचं काय दिसेल हे सांगायची गरजच नाही. ‘हे जातिव्यवस्थेवर आहे बरं का’ असं आधीच सांगितलं, की तो प्रत्येक प्रसंगात अर्थ शोधत बसतो आणि हसायचं विसरतो. ते त्याचं त्याला सापडू द्या. दानेलिया एका जागी थांबतही नाहीत. दुसऱ्या एका ग्रहावर हीच उतरंड उलटी असते, आणि ही गोष्ट प्रेक्षकाला आधी माहीत नसली तर फार जोरात लागते.

शब्दांची तयारी मात्र करून द्या, तीही थोडीच. ‘चाटलान’ आणि ‘पात्साक’ ही माणसांची नावं नसून जमाती आहेत, एवढं सांगून ठेवा. नाहीतर सबटायटल वाचणारा गोंधळतो आणि पहिल्या तासाभरातला अर्धा विनोद निसटतो. ‘कू’ला बहुतेक सगळे अर्थ आहेत, हे ऐकता ऐकता कळतं. पेपेलात्स म्हणजे यान आणि ग्रावित्सापा म्हणजे त्याचा हवा असलेला सुटा भाग, हेही कथेतूनच उमगतं. दोन भागांच्या मध्ये पडद्यावर एक छोटा शब्दकोश येतो. तिथे चित्रपट थांबवून तो सावकाश वाचायला लावा. बघणारे हमखास हसतात, कारण तोवर त्यांना ती भाषा येऊ लागलेली असते.

रशियन प्रेक्षकाला फुकट मिळणारी एक गोष्ट आपल्याकडे हरवते, ती आधी सांगून भरून काढा. प्ल्युकवरच्या गंजक्या यानातले दोघे, म्हणजे येवगेनी लिओनोव आणि युरी याकोवलेव, सोव्हिएत काळातले अतिशय लाडके नट. लिओनोव यांचा आवाज तर तिथल्या मुलांना कार्टूनमधल्या विनी द पूचा आवाज म्हणून पाठ होता. असे नट लक्तरं घालून, चार काड्यांसाठी हुज्जत घालत ‘कू’ करताना दिसतात, यातच निम्मी गंमत आहे.

प्रत्यक्ष दाखवताना प्रत कुठली आहे ते बघा. मोसफिल्म स्टुडिओ आपले जुने चित्रपट यूट्यूबवरच्या स्वतःच्या चॅनलवर ठेवतो, आधी तिथे शोधा. माणसाने केलेली इंग्रजी सबटायटल असलेली प्रत निवडा. आपोआप तयार होणारं मराठी भाषांतर चालू करू नका, कारण बनावट शब्दांपुढे ते कोलमडतं आणि ‘कू’ची जागा भलताच शब्द घेतो. डबिंगही नको. ज्येष्ठांना इंग्रजी भरभर वाचता येत नसेल, तर शेजारी बसून मोजक्या शब्दांत सांगा. २०१३ साली दानेलियांनीच याचं अ‍ॅनिमेशन रूप केलं. त्यात मुख्य पात्रं बदललेली आहेत. शोधताना ते आधी हाती लागलं तर बाजूला ठेवा आणि मूळ चित्रपटानंतर बघा.

गिया कांचेली यांचं संगीत मुद्दाम किरकिरं आणि बेसूर आहे. स्पीकर बिघडला असं वाटून कोणी आवाज कमी करू नये, म्हणून हेही आधीच सांगा. एकूण लांबी सव्वादोन तासांच्या आसपास. एका बैठकीत बघायचा तर दोन भागांच्या मध्ये चहा ठेवा. रात्री उशिरा लावू नका, थकलेला माणूस वाळवंटातच झोपतो.

निरोप लिहायचा तर असा पुरे: ‘रविवारी दुपारी दोन-अडीच तास काढ. १९८६चा रशियन चित्रपट आहे, पाव आणायला निघालेला माणूस भलत्याच ग्रहावर पोचतो. पहिली चाळीस मिनिटं धीर धर, फोन लांब ठेव, काहीही गूगल करू नकोस.’ ही शेवटची सूचना महत्त्वाची, कारण शोधलं की पहिल्या ओळीतच काड्यापेटी फुटते.

चाळीस मिनिटांनंतरही कंटाळा येत असेल तर आग्रह सोडा. आवडला, तर पुढचा म्हणून दानेलियांचाच १९७७चा ‘मिमिनो’ सुचवा. त्यात परग्रह नाही, पण मोठ्या शहरात हरवलेला जॉर्जियन वैमानिक आहे.