आइसलँडच्या खेळाडू-प्रशिक्षकाची कारकीर्द मराठीत कशी लिहावी

आइसलँडमधील एखाद्या फुटबॉलपटूने पुढे प्रशिक्षक म्हणून केलेल्या वाटचालीवर मराठीत लेख लिहायचा असेल, तर क्लबांची नावे, वर्षे आणि जिंकलेले करंडक यांची जंत्री अर्ध्या तासात तयार होते. मात्र त्या जंत्रीतून त्या माणसाने नेमके काय केले, हे कळत नाही. हे काम कसे करावे हे दाखवण्यासाठी पुढे मुख्यतः एकच उदाहरण घेतले आहे: 1955 साली आक्रानेस येथे जन्मलेले ग्वुद्योन थोर्दार्सन. आपल्या गावच्या क्लबकडून खेळलेले हे गृहस्थ पुढे राष्ट्रीय संघाचे आणि त्यानंतर इंग्लंडमधील स्टोक सिटीचे प्रशिक्षक झाले.

पहिला प्रश्न नावाचा येतो. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते. मराठी नावात जी माहिती मधले नाव देते, ती तिथे शेवटचे नाव देते. थोर्दार्सन म्हणजे थोर्दुरचा मुलगा. त्यामुळे लेखात पुन्हा उल्लेख करताना ‘थोर्दार्सन यांनी’ असे लिहिण्याऐवजी ‘ग्वुद्योन यांनी’ असे लिहावे. त्या देशात पंतप्रधानांचा उल्लेखही पहिल्या नावानेच होतो आणि त्यात कोणताही अनादर नसतो. ग्वुद्योन यांचे फुटबॉलपटू मुलगे ग्वुद्योन्सन आहेत, थोर्दार्सन नाहीत, हे लक्षात न घेतल्यास वाचकाला बाप-लेकांचे नातेच दिसणार नाही. काही घराण्यांना मात्र खरोखरचे आडनाव असते. चेल्सी आणि बार्सिलोनाकडून खेळलेले आयदुर ग्वुद्योनसेन हे त्याचे ठळक उदाहरण. उच्चार इंग्रजी लिप्यंतरावरून घेऊ नयेत, कारण इंग्रजीत ‘जे’ दिसणारे अक्षर तिथे ‘य’सारखे उच्चारले जाते. एकदा ठरवलेले लेखन संपूर्ण लेखात बदलू नये.

क्लबांची नावे बहुधा आद्याक्षरांत असतात आणि ती तशीच सोडली तर मराठी वाचकाला त्यांतून काही बोध होत नाही. म्हणून पहिल्या उल्लेखात आक्रानेसचा आयए, आकुरेयरीचा केए, रेक्याविकचा केआर असे गावासह लिहावे. गाव सांगणे इथे फार महत्त्वाचे आहे, कारण क्लब आणि गाव यांचे नाते घट्ट असते आणि गावाचा आकार कळल्याशिवाय यशाचा आकार कळत नाही. 1990च्या दशकात आक्रानेसची लोकसंख्या सुमारे पाच हजार होती.

यानंतर हंगामाकडे वळावे. इथे सर्वाधिक चुका होतात. आइसलँडची लीग एकाच वर्षात सुरू होऊन संपते, तर इंग्लंडची लीग दोन वर्षांना जोडून चालते. म्हणून आइसलँडमधील हंगामासाठी ‘1993’ आणि इंग्लंडमधील हंगामासाठी ‘2001–02’ असे लिहावे. त्या काळी आइसलँडच्या वरच्या श्रेणीत दहा संघ आणि 18 फेऱ्या असत. 2008 पासून संघ बारा झाले. गोल आणि विजय यांचे आकडे देताना ही चौकट सांगितलीच पाहिजे. ग्वुद्योन यांचे चिरंजीव थोर्दुर यांनी 1993 साली वडिलांच्या हाताखाली आयएसाठी लीगमध्ये 19 गोल केले. केवळ ‘19 गोल’ असे वाचणाऱ्याला ते साधारण वाटतील, पण 18 फेऱ्यांच्या स्पर्धेत ते केले, हे समजल्यावर त्याचे मत बदलेल.

आता मुख्य काम. प्रत्येक नेमणुकीसाठी दोन गोष्टी शोधाव्यात: तो माणूस आला तेव्हा संघ कोणत्या स्थितीत होता आणि तो गेला तेव्हा कोणत्या स्थितीत होता. करंडकांच्या यादीत ‘1989, केए, विजेतेपद’ अशी एक ओळ येते. प्रत्यक्षात उत्तर किनाऱ्यावरील आकुरेयरीच्या त्या क्लबने त्यापूर्वी राष्ट्रीय विजेतेपद कधीही मिळवले नव्हते आणि त्यानंतरही ते त्याला मिळालेले नाही. ही माहिती त्या ओळीला जोडली की तिचे वजन बदलते. आयएचे उदाहरण याहूनही बोलके आहे. 1990 साली हा क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. ग्वुद्योन यांनी 1991 साली त्याला पुन्हा वर आणले, 1992 साली नव्याने वर आलेल्या त्याच संघाने लीग जिंकली आणि 1993 साली लीग व चषक दोन्ही पटकावले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत युरोपियन चषकाच्या घरच्या सामन्यात त्यांनी नेदरलँड्सच्या फेयेनोर्ड संघाला 1–0 असे हरवले, जरी परतीचा सामना 0–3 असा गमावल्याने ते स्पर्धेबाहेर गेले. माझ्या मते ग्वुद्योन यांच्या क्लब कारकिर्दीचा गाभा याच तीन वर्षांत आहे आणि लेखातील सर्वांत मोठा परिच्छेद या काळाला द्यावा.

केआरमधील दोन वर्षे थोडक्यात सांगता येतात. 1994 आणि 1995 साली चषक मिळाला, परंतु 1968 नंतर ज्या लीग विजेतेपदाची त्या क्लबला आस होती, ते हाती आले नाही. 1996 साली ते आयएमध्ये परतले आणि केआरलाच दुसऱ्या स्थानावर ठेवून पुन्हा लीग व चषक जिंकले. आयएने 1992 ते 1996 अशी सलग पाच वर्षे लीग जिंकली. मात्र मधली दोन विजेतेपदे, 1994 आणि 1995 ची, अन्य प्रशिक्षकांच्या काळातील आहेत. क्लबचे श्रेय आणि प्रशिक्षकाचे श्रेय वेगळे मांडण्याची दक्षता इथे घ्यावीच लागते.

राष्ट्रीय संघाचा काळ लिहिताना केवळ अंतिम स्थान देऊ नये. युरो 2000 च्या पात्रता गटात आइसलँड चौथा आला, एवढेच सांगितले तर ते अपयश वाटते. परंतु त्या गटात फ्रान्स, युक्रेन आणि रशिया हे तीन बलाढ्य संघ होते. 1998 च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे विश्वविजेतेपदानंतर दोन महिन्यांच्या आत, फ्रान्सला रेक्याविकमध्ये 1–1 अशा बरोबरीवर समाधान मानावे लागले, पुढच्याच महिन्यात तिथे रशियाचा 1–0 असा पराभव झाला आणि 1999 च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसजवळच्या मैदानात दोन गोलांची पिछाडी भरून काढल्यानंतर आइसलँड 2–3 असा हरला. दहा सामन्यांत पंधरा गुण मिळाले. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन लाखांच्या आसपास होती. हे सर्व एकत्र ठेवले की ‘चौथे स्थान’ या शब्दांचा खरा अर्थ वाचकापर्यंत पोहोचतो.

परदेशातील कामाचा भाग लिहिताना पदाचे नाव जपून वापरावे. आइसलँडच्या भाषेत प्रशिक्षकासाठी साधारणपणे एकच शब्द चालतो, तर इंग्लंडमधील ‘मॅनेजर’ पारंपरिकपणे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीतही लक्ष घालतो. मराठीत ‘व्यवस्थापक’ म्हटले की कार्यालय सांभाळणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, म्हणून ‘मॅनेजर’ हाच रूढ शब्द मला योग्य वाटतो. 1999 च्या नोव्हेंबरमध्ये आइसलँडच्या गुंतवणूकदारांनी स्टोक सिटीची सूत्रे घेतली आणि ग्वुद्योन यांना तिथे आणले. संघ तेव्हा इंग्लंडच्या तिसऱ्या पातळीवर होता. 2000 च्या एप्रिलमध्ये त्यांनी वेम्बली येथे ब्रिस्टल सिटीला 2–1 असे हरवून फुटबॉल लीग ट्रॉफी जिंकली. सलग दोन हंगाम बढतीच्या प्ले-ऑफमध्ये उपांत्य फेरीत हार पत्करावी लागली. अखेर 11 मे 2002 रोजी कार्डिफ येथील अंतिम सामन्यात ब्रेंटफर्डवर 2–0 अशी मात करून संघ वरच्या श्रेणीत गेला आणि त्यानंतर आठवडाही उलटला नसताना त्यांना पदावरून दूर करण्यात आले. या घटनेची कारणे लिहिण्याचा मोह आवरावा. तारखा नेमक्या द्याव्यात, सोपवलेले काम पूर्ण झाले होते हे स्पष्ट नोंदवावे आणि क्लबच्या संचालक मंडळाच्या मनात काय होते, याचे अंदाज लेखात आणू नयेत.

त्यानंतरच्या बार्न्सली, नॉट्स काउंटी आणि क्रू अलेक्झांड्रा येथील नेमणुका तुलनेने अल्पकाळाच्या आहेत. क्रूची सूत्रे त्यांनी 2008 च्या डिसेंबरमध्ये घेतली आणि तो संघ 2009 साली खालच्या श्रेणीत गेला. हेही आधीच्या यशाइतक्याच सरळ शब्दांत लिहावे, पण प्रत्येक क्लबला समान जागा देऊन लेख सपाट करू नये.

हाताखाली कोण खेळले, याची नोंद आवर्जून ठेवावी, कारण एवढ्या छोट्या देशात खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्या पिढ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. 1992 च्या आयए संघातील अर्नार गुनलॉग्सन पुढे ग्वुद्योन यांच्याच स्टोकमध्ये काही काळ खेळले. नंतर प्रशिक्षक या नात्याने त्यांनी रेक्याविकच्या विकिंगूरला 2021 आणि 2023 ची लीग विजेतेपदे मिळवून दिली आणि 2025 च्या जानेवारीत ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. अशी साखळी सापडली की तिला लेखात स्वतंत्र परिच्छेद द्यावा.

पडताळणीसाठी आइसलँड फुटबॉल संघटनेच्या संकेतस्थळावरील सामन्यांच्या नोंदी पाहाव्यात आणि जुन्या काळासाठी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने खुला केलेला वृत्तपत्रांचा डिजिटल संग्रह चाळावा. भाषा येत नसली तरी गोलफलक, तारीख आणि संघांची नावे ओळखता येतात. खेळाडू म्हणून केलेले गोल आणि प्रशिक्षक म्हणून मिळवलेले विजय एकाच तक्त्यात घालू नयेत. सध्या पदावर असलेल्या प्रशिक्षकाविषयी लिहिताना ‘सध्या’ या शब्दाऐवजी नेमणुकीचा महिना आणि वर्ष द्यावे, म्हणजे तो पद सोडून गेल्यानंतरही ते वाक्य खरे राहील.