ट्रेलर जोडला की गिअर आपल्या हाती ठेवा

डेन्व्हरला नव्याने आलेली मराठी कुटुंबे वर्ष-दोन वर्षांत घर बदलतात आणि भाड्याचा ट्रेलर आपल्याच एसयूव्हीला जोडून डोंगरापलीकडे निघतात. गाडीची वजन ओढण्याची मर्यादा माहितीपुस्तिकेत पाहावी आणि सामानाचे सुमारे ६० टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात भरावे. गिअरबद्दल मात्र आपण कोणालाच विचारत नाही, कारण ऑटोमॅटिक गाडी आपले आपण पाहून घेईल अशी आपली पक्की समजूत असते.

तीच समजूत मला ४,२०० डॉलरना पडली. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणाऱ्या आय-७० महामार्गाने आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना मी गाडी ‘डी’मध्ये, म्हणजे गिअर गाडीनेच निवडायच्या स्थितीत, ठेवून निश्चिंत बसलो होतो. हा बोगदा ११,००० फुटांहून उंचावर आहे. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळजवळ एक-तृतीयांशाने घटते. त्यामुळे गाडी पाचव्या गिअरमधून चौथ्यात उतरे, जरा वेग आला की पुन्हा पाचव्यात जाई, आणि हे तासभर चालले. अशा वेळी टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग, वारंवार घसरतो व ती सारी उष्णता ट्रान्समिशन ऑइलमध्ये उतरते. पुढे गिअर पडेनासे झाले, तेव्हा मेकॅनिकने डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर पुसून दाखवली. लाल असायला हवे ते ऑइल काळपट झाले होते आणि त्याला जळका वास येत होता.

म्हणून सांगतो, ट्रेलर मागे असताना चढावर ‘डी’च्या भरवशावर राहू नका. वजन ओढताना वापरायचे टो/हॉल बटण असेल तर ते दाबा, आणि तरीही गिअरची येरझार थांबली नाही, तर लिव्हर ‘एस’ किंवा ‘एम’ या, गिअर आपण ठरवायच्या, स्थितीत घेऊन एक गिअर खाली या आणि तिथेच टिकून राहा. अनेक गाड्यांत ‘एस ४’चा अर्थ चौथा गिअर पक्का झाला असा नसून, चौथ्याच्या वर जायचे नाही एवढाच असतो, हे पुस्तिकेत तपासून घ्या. इंजिनाचा आवाज वाढला की आपल्या लोकांचा जीव कासावीस होतो, कारण मायलेजसाठी लवकर वरचा गिअर टाकण्याची सवय आपण भारतातून घेऊन येतो. परंतु आरपीएमचा (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा लाल पट्ट्याच्या खाली असेल आणि तापमान स्थिर असेल, तर ४,००० आरपीएमने पेट्रोल इंजिनाचे काहीही बिघडत नाही.

उतारावर तर प्रश्न जिवाचा असतो. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे जाणारा रस्ता ६ ते ७ टक्के उताराचा आहे, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी तिथे बाजूला वाळू-खडीचे चढते रस्ते बांधलेले आहेत. तिथले इशारे फक्त ट्रकवाल्यांसाठी आहेत असे आपण समजतो, हे मला अतिशय चुकीचे वाटते. ट्रेलर जोडलेली गाडी त्या क्षणी ट्रकच असते. खंबाटकी उतरताना ज्याने खालच्या गिअरचे महत्त्व जाणले, त्याने इथे ते विसरू नये. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवला तर ते तापून निकामी होतात. वेग वाढू लागला की ब्रेक ठामपणे दाबून तो पाच-सहा मैलांनी कमी करावा, मग पाय पूर्ण उचलावा आणि बाकी वजन इंजिनाला पेलू द्यावे.

खालचा गिअर उतार लागण्याआधीच घ्यावा लागतो, कारण वेग फार वाढल्यावर गाडी तो स्वीकारतच नाही. बोगदा सुमारे १.७ मैल लांब आहे. त्यातून जातानाच वेग कमी करून गिअर निवडा आणि दुसऱ्या टोकाला उजेड दिसण्याआधीच तो पडलेला असू द्या.