इंग्रजीत 'झालं' कसं म्हणायचं? बिकम, गेट, गो, टर्न यातलं कुठलं कधी वापरायचं ते बघू

माझी भाची आठवीत आहे, मराठी मीडियमला. मे महिन्यात राहायला आली होती तेव्हा तिची इंग्रजी निबंधाची वही सहज चाळली. आजोबांवर निबंध होता. आजोबा म्हातारे झाले, केस पांढरे झाले, मग आजारी पडले, मग बरे झाले, असं सगळं मनापासून लिहिलेलं, पण प्रत्येक वाक्यात क्रियापद एकच, बिकेम. 'ही बिकेम ओल्ड', 'हिज हेअर बिकेम व्हाइट', 'ही बिकेम इल'. व्याकरणात यातलं एकही वाक्य चूक नाही, पण वाचताना भातात खडे लागल्यासारखं होतं.

मी तिला विचारलं, दूध खराब झालं तर आजीला काय सांगतेस? म्हणाली, "दूध नासलं." विहिरीतलं पाणी संपलं तर? "आटली." आणि झाडाचं पान? "पिवळं पडलं." मग जरा थांबून म्हणाली, "मावशी, म्हणजे आपण पण सगळीकडे झालं म्हणत नाही की!" बस, हेच धरून पुढे जायचं आहे. मराठीत जसं बदल कसला आहे ते बघून क्रियापद येतं तसंच इंग्रजीतही येतं, फक्त ते आपल्याला आजीकडून ऐकून मिळालेलं नसतं म्हणून मुद्दाम शिकावं लागतं.

सगळ्यात आधी बघायचं की तुमच्या वाक्यातलं 'झालं' खरंच बदल सांगतंय का, कारण बहुतेक गडबड इथेच होते. 'पाऊस झाला' म्हणजे नुसतं 'इट रेन्ड'. 'अपघात झाला' म्हणजे 'देअर वॉज ॲन ॲक्सिडेंट'. 'तिला मुलगी झाली' म्हणजे 'शी हॅड अ बेबी गर्ल', इथे बिकम घातलं तर ती स्वतःच मुलगी झाली असा अर्थ होईल. 'मला सर्दी झालीय' म्हणजे 'आय हॅव अ कोल्ड'. आणि 'मला उशीर झाला' म्हणजे 'आय वॉज लेट'. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, 'आय बिकेम लेट' असं म्हणत नाहीत, आणि आपल्याकडे सर्रास चालतं ते 'आय गॉट लेट' पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाच्या कानाला खटकतं. रात्र बरीच झाली या अर्थाने 'इट गॉट लेट' मात्र एकदम बरोबर, कारण तिथे वेळ पुढे सरकलीय, माणूस नाही.

याच्याच जवळचं म्हणजे आपलं 'झालाय'. 'चहा गार झालाय' याचं इंग्रजी तीन तऱ्हेने होतं. कप हातात घेतला आणि गार लागला, फक्त आत्ताची स्थिती सांगायची, तर 'द टी इज कोल्ड'. मघाशी गरम होता आणि आता गार झाला हे सांगायचं तर 'द टी हॅज गॉन कोल्ड'. आणि अजून थोडा कोमट आहे, लवकर ये, असं ओरडायचं असेल तर 'द टी इज गेटिंग कोल्ड'. बोलताना आधी ठरवा की तुम्ही कपाकडे बघताय की बदलाकडे.

आता खरोखर बदल आहे असं ठरलं, तर पुढे नाम येतंय की विशेषण ते बघा. नाम असेल तर काम सोपं, बिकम घ्या आणि नामाआधी अ किंवा ॲन लावा. 'शी बिकेम अ डॉक्टर'. 'महाराष्ट्र बिकेम अ स्टेट इन 1960'. एकाच वेळी एकाच माणसाकडे असणारं पद असेल तर आर्टिकल गाळलं तरी चालतं, म्हणजे 'इंदिरा गांधी बिकेम प्राइम मिनिस्टर इन 1966'. नामासोबत गेट कधीच वापरू नका, 'शी गॉट अ डॉक्टर' म्हणजे तिला डॉक्टर मिळाला! वस्तूचं रूपच पालटत असेल तर टर्न इन्टू, पाण्याचा बर्फ होतो, सुरवंटाचं फुलपाखरू होतं, तिथे हेच. पण नुसतं नाव बदललं तर बिकम, 'बॉम्बे बिकेम मुंबई इन 1995'. पेपरात 'ॲक्टर टर्न्ड पॉलिटिशियन' वाचता ना, तिथे टर्ननंतर नाम बिनआर्टिकलचं येतं, पण ती ठरावीक रचना आहे, तीच तशीच पाठ करायची.

विशेषणाला खरी मजा आहे. रोजच्या बोलण्यात गेट. 'इट्स गेटिंग डार्क', 'आय गॉट टायर्ड', 'दे गॉट मॅरिड', 'गेट रेडी'. तेच अर्जात किंवा रिपोर्टमध्ये लिहायचं असेल तर बिकम जास्त शोभतं, 'द सिच्युएशन बिकेम सीरियस'. गो मात्र बहुतेक वेळा बिघडण्याकडे जातं. दूध नासलं, 'द मिल्क वेंट सावर'. टक्कल पडलं, 'ही वेंट बॉल्ड'. आंधळा होणं, बहिरा होणं, वेडं होणं, दिवाळं निघणं, सगळीकडे गो. पण म्हातारं होणं, थकणं, आजारी पडणं ह्याला गो चालत नाही, 'गो ओल्ड' असं कुणी म्हणत नाही, तिथे गेट ओल्ड किंवा ग्रो ओल्ड. ग्रो हे सावकाश होणाऱ्या बदलासाठी, थोडं पुस्तकी वाटतं. रंग बदलला तर गो आणि टर्न दोन्ही चालतात, 'द लीव्ज टर्न्ड यलो'. चाळिशी गाठली तर 'शी टर्न्ड फॉर्टी'.

आणि मग मला सगळ्यात आवडणारं फॉल. आपण आजारी पडतो, तेही पडतात, 'ही फेल इल'. झोप लागली तर 'शी फेल अस्लीप', नोकरीतली जागा रिकामी झाली तर 'द पोस्ट फेल व्हेकंट'. विहीर आटली तर 'द वेल रॅन ड्राय'. स्वप्न खरं झालं तर 'द ड्रीम केम ट्रू', आणि चपलेचा पट्टा सैल झाला तर 'द स्ट्रॅप केम लूज'.

तसं बिकमच्या आतही कमच लपलाय, जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ येऊन पोचणं असा होता, म्हणून त्याची रूपं पण कमसारखीच, बिकम, बिकेम, बिकम. 'बिकम्ड' असं रूप नाही, मुलं हमखास लिहितात.

कधीकधी मात्र दोन शब्दांची गरजच नसते. पाक घट्ट झाला, 'द सिरप थिकन्ड'. आंबे पिकले, 'द मँगोज रायपन्ड'. विशेषणाला शेवटी अन जोडायचं की झालं क्रियापद. पण हे सगळ्यांना लागत नाही, शब्दाच्या शेवटचा आवाज बघायचा. ब्लॅक, व्हाइट, रेड हे क, ट, ड वर संपतात म्हणून ब्लॅकन, व्हाइटन, रेडन होतं, पण ग्रीन, ब्लू, यलो यांचं होत नाही. यलो तर स्वतःच क्रियापद होतो, जुन्या वहीची पानं पिवळी पडली की 'द पेजेस हॅव यलोड'. लाँग आणि स्ट्राँग पण आडमुठे, त्यांचं लेंग्थन आणि स्ट्रेंग्थन होतं, म्हणजे लेंग्थ आणि स्ट्रेंग्थ या नामांवरून.

सरावासाठी पाठांतराचे तक्ते करू नका प्लीज, त्याने काही लक्षात राहत नाही. एक छोटी वही घ्या, घरात दिवसभर जे जे बदलताना दिसेल ते आधी मराठीत लिहा, पोळ्या कडक झाल्या, दाराचा स्क्रू ढिला झाला, शेजारचं बाळ झोपलं, आणि समोर इंग्रजी जोडी अख्खी लिहा, विशेषणासकट, म्हणजे नुसतं फॉल न लिहिता फॉल अस्लीप. रोज 3 वाक्यं पुष्कळ झाली.

भाचीने जायच्या आदल्या दिवशी आजोबांचा निबंध परत लिहिला. 'ही ग्रू ओल्ड. हिज हेअर वेंट व्हाइट. वन डे ही फेल इल.' शेवटच्या वाक्याला अडली, बरे झाले याला काय घालू म्हणाली, वेल की बेटर? मी सांगितलं, दोन्ही चालतं, पूर्ण बरे झाले असतील तर वेल, आधीपेक्षा बरे असतील तर बेटर. तिने थोडा विचार केला, आजोबांना अजून काठी लागते म्हणाली, आणि लिहिलं, 'ही गॉट बेटर'.