मटेरियल टेस्टिंगमधल्या या चुका टाळा

स्पेक्ट्रोचा (ठिणगी मारून धातूत कोणतं मूलद्रव्य किती टक्के आहे ते सांगणाऱ्या मशीनचा) रिपोर्ट ग्रेडमध्ये, म्हणजे ठरलेल्या टक्क्यांत, बसला नाही की सगळे आधी मशीनवर संशय घेतात. मी आधी सॅम्पल मागतो, कारण घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

सगळ्यात जास्त डोकेदुखी डीकार्ब थराची, म्हणजे कार्बन कमी झालेल्या वरच्या थराची. फोर्जिंग किंवा हॉट रोल्ड बार भट्टीत तापला की वरच्या थरातला कार्बन जळून जातो. नुसतं स्केल (तापल्यावर धरलेली काळी खपली) झाडून तिथे स्पार्क मारला, तर मशीन त्या थराचाच कार्बन दाखवणार. एका कारखान्यात ईएन ८ या स्टीलच्या फोर्जिंगचा अख्खा लॉट असाच अडकला होता. कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के हवा, रिपोर्टमध्ये ०.२८. रिजेक्शनचं पत्र गेलं, फोनाफोनी झाली, मशीन दोनदा कॅलिब्रेट झालं. तुकडा हातात घेतला, तर बर्नच्या (स्पार्कने पडलेल्या डागाच्या) शेजारीच स्केलचे काळे डाग. तोच तुकडा कापून छेदावर स्पार्क मारला आणि कार्बन आला ०.४१! मँगनीज, सिलिकॉन दोन्ही वेळा जवळपास सारखंच होतं. एकटा कार्बनच घसरलाय म्हटल्यावर तिथेच शंका यायला हवी होती.

मी शक्यतो तुकडा कापूनच घेतो. कापता येत नसेल तर निदान दीड-दोन मिलिमीटर खाली जातो. घासल्यावर त्या जागेला बोट लावू देत नाही आणि तीन बर्न जुळल्याशिवाय आकडा लिहीत नाही. नवीन मुलांना याचाच कंटाळा येतो. पाच मिनिटं वाचवायला जातात आणि दोन दिवस घालवतात.

स्टेनलेस घासलेल्या ग्राइंडिंग बेल्टवर साधं स्टील घासू नका, क्रोमियम-निकेल फुकटचं वाढतं. ॲल्युमिनियमला बेल्ट लावूच नका, लेथवर फेसिंग करा.

कास्ट आयर्नचं सॅम्पल तांब्याच्या साच्यात चिल केलेलंच, म्हणजे झटकन थंड केलेलंच हवं. ग्राफाइट मोकळं राहिलं की कार्बनचा आकडा विसरा.

दुसरा शॉर्टकट म्हणजे एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं हातातलं यंत्र. ३०४ आणि ३१६ हे स्टेनलेसचे ग्रेड वेगळे करायला ती उत्तम, कारण ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते लगेच दिसतं. पण ही गन कार्बन वाचतच नाही. ३०४ आणि ३०४ एल यांच्यात मुख्य फरक कार्बनचाच, एलमध्ये जास्तीत जास्त ०.०३ टक्के. तरीही गनच्या भरवशावर एल ग्रेड पास करणारे भेटतात, आणि वेल्डिंगनंतर सांध्यालगत गंज धरला की वेल्डरला बोल लावतात. एल ठरवायचा असेल तर स्पार्क किंवा कंबशन ॲनालायझर (तुकडा जाळून कार्बन मोजणारं मशीन), तिसरा मार्ग मला मान्य नाही. प्लेटिंग असलेल्या पार्टवरही वरच्या थरामुळे गनचा आकडा फसवा येतो.

चुंबक चिकटलं म्हणून ३०४ नाही, असंही ठरवू नका. कोल्ड वर्क झालेलं ३०४ थोडं चिकटतं.

आणि प्रत्येक बर्न डोळ्यांनी बघा. स्टीलवर काळसर, स्पष्ट कडेचा डाग हवा. पांढुरका, पसरट आला तर आर्गॉन वायू, सील आणि सॅम्पलची बैठक तपासा. तो आकडा सरासरीत धरू नका.